रायझन ५ ५६००जी : कोकणच्या हवेत आणि विजेवर पारखलेला प्रोसेसर

विंडोज १० ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छपाईच्या दुकानांत, फोटो स्टुडिओंत, पतसंस्थांत आणि शाळांच्या कार्यालयांत एकच प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला : सात-आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला संगणक आता बदलायचाच आहे, तर त्यात प्रोसेसर कोणता बसवावा? उत्तर शोधायला गेल्यावर जी परीक्षणे सापडतात ती बहुधा वातानुकूलित खोलीत, अखंड विजेवर आणि महागडे ग्राफिक्स कार्ड जोडून केलेली असतात. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या, खिडकीतून खारा वारा येणाऱ्या आणि बिघडलेला भाग घाट ओलांडून कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवावा लागणाऱ्या गावात त्या आकड्यांचा उपयोग मर्यादित असतो. माझ्या मते किनारपट्टीवर प्रोसेसरचे मोल ठरवताना त्याचा कमाल वेग हा दुसरा निकष आहे. किती कमी विजेवर, किती कमी उष्णता निर्माण करून आणि किती कमी सुट्या भागांच्या आधाराने तो रोजचे काम पुरे करतो, हा पहिला.

या निकषावर मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर तपासला आहे. कुडाळच्या आमच्या कार्यालयात डीटीपी (छपाईसाठीची मांडणी), फोटोंची दुरुस्ती आणि चित्रीकरणाचे संपादन अशी तिन्ही कामे त्याच्यावर होतात. हा प्रोसेसर किरकोळ बाजारात ऑगस्ट २०२१ मध्ये आला, म्हणजे तो नवा मुळीच नाही. त्यात झेन ३ या एएमडीच्या रचनेचे सहा कोर, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे विभाग, आणि बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे, आहेत. मूळ वेग ३.९ गिगाहर्ट्झ असून गरजेप्रमाणे तो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती, १६ एमबी आहे, उष्णतेची घोषित मर्यादा ६५ वॉट आहे आणि व्हेगा जातीचे सात एककांचे ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, प्रोसेसरच्या चकतीतच आहे. हे सारे ७ नॅनोमीटर प्रक्रियेने एकाच सिलिकॉन तुकड्यावर बनवलेले आहे. त्याच पिढीतल्या ५६००एक्समध्ये गणनेचा तुकडा वेगळा आणि जोडणीचा तुकडा वेगळा असतो व त्या दोहोंमधल्या देवाणघेवाणीला सतत वीज लागते, त्यामुळे काम थांबलेले असतानाही तो थोडी जास्त वीज खात राहतो. ५६००जी रिकामा असताना खरोखर शांत बसतो, आणि दुकानातला संगणक दिवसाचा बराच वेळ गिऱ्हाइकाची वाट पाहतच चालू असतो.

मांडणीच्या कामात या प्रोसेसरबद्दल तक्रारीला जागा नाही. कोरलड्रॉमधली बरीच कामे एका वेळी एक-दोन कोरवरच भार टाकतात, त्यामुळे तिथे कोरांच्या संख्येपेक्षा एकेका कोरचा वेग महत्त्वाचा ठरतो आणि झेन ३ त्या बाबतीत आजही पुरेसा तेज आहे. आंब्याच्या पेट्यांवरची लेबले, गणेशोत्सवाचे मोठे फलक, काजू प्रक्रिया करणाऱ्यांची पाकिटे, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, अशी सारी कामे करताना पडदा अडखळत नाही आणि श्रीलिपी या जुन्या मराठी टंकप्रणालीच्या फाइली उघडून त्यातला मजकूर युनिकोडमध्ये नेतानाही प्रतीक्षा करावी लागत नाही. मोठ्या फलकाची फाइल पीडीएफमध्ये उतरवताना जुन्या चार कोरांच्या यंत्रावर चहा घेऊन येण्याइतका वेळ जात असे. आता गिऱ्हाईक समोर उभे असताना फाइल हाती येते. फोटोंच्या बाबतीतही तेच म्हणता येईल : लग्नाच्या शेकडो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या, फाइली एकदम जेपीजीमध्ये काढायच्या असतात, तेव्हा सहाही कोर कामाला लागतात आणि फरक स्पष्ट जाणवतो.

मात्र हे सारे एका अटीवर आहे आणि ती अट इथल्या अनेक असेंबल केलेल्या यंत्रांत पाळलेली दिसत नाही. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते संगणकाच्या रॅममधूनच आपला वाटा घेते. डीडीआर४-३२०० जातीची रॅमची एकच पट्टी बसवली तर प्रोसेसरला सेकंदाला २५.६ गिगाबाइट इतकीच वाट मिळते आणि दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर ती दुप्पट, म्हणजे ५१.२ गिगाबाइट होते. एवढी एक गोष्ट चुकली की ग्राफिक्सचा मोठा भाग वाया जातो आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो. सोळा जीबीची एक पट्टी देऊ करणाऱ्या विक्रेत्याकडून आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्यात, आणि चित्रीकरणाचे संपादन करायचे असेल तर सोळाच्या दोन. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, रॅमचा वेग खरोखर ३२०० वर लावला आहे की ती २४०० किंवा २६६६ वरच चालू आहे, हेही दुकानातून यंत्र उचलण्यापूर्वी पाहून घ्यावे.

चित्रीकरणाचे संपादन हा या प्रोसेसरचा कसोटीचा प्रांत आहे आणि तिथे माझा निकाल मिश्र आहे. आमच्याकडे येणारे काम शहरातल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असते. दशावताराचा प्रयोग रात्री सुरू होऊन कित्येक तास चालतो, भजनाची डबलबारीही तशीच लांबते, आणि दोन्हींचे चित्रीकरण मंडपातल्या अपुऱ्या, रंगीत उजेडात झालेले असते. अशा चित्रीकरणातला दाणेदारपणा घालवायचा म्हटले की प्रत्येक चौकटीवर भरपूर गणित करावे लागते आणि सहा कोरांचा प्रोसेसर त्यात पुरता गुंततो. साध्या एचडी दर्जाचा प्रयोग कापून, आवाज बसवून, शीर्षके घालून बाहेर काढायचा असेल तर ५६००जी तो शांतपणे काढतो. दाणेदारपणा घालवण्याची प्रक्रिया त्यावर चढवली, की काम रात्रीवर टाकावे लागते आणि रात्रभर लाइट टिकेल का ही चिंता सोबत येते.

दुसरी उणीव अधिक नेमकी आहे. सोनी आणि कॅनन यांचे अलीकडचे अनेक कॅमेरे एचईव्हीसी या चित्रीकरण आटवून साठवण्याच्या स्वरूपात, दहा-बिट ४:२:२ रंगखोलीचे, म्हणजे रंगांची जास्त माहिती टिकवणारे, चित्रीकरण करतात आणि रंग सुधारण्याच्या सोयीसाठी लग्नाचे चित्रीकरण करणारे तरुण आवर्जून तीच पद्धत निवडतात. ही फाइल उलगडण्याची खास सोय ५६००जीच्या ग्राफिक्समध्ये नाही. ती सारी मेहनत कोरांवर पडते आणि टाइमलाइनवर चित्र अडखळू लागते. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० हे ग्राफिक्स आहे. खेळांच्या दृष्टीने ते व्हेगापेक्षा दुबळे आहे, पण त्यातली क्विक सिंक ही सोय नेमके हेच स्वरूप उलगडू शकते आणि प्रीमिअर प्रोसारखी सॉफ्टवेअर तिचा लाभ घेतात. तेव्हा ज्याचा मुख्य व्यवसाय अशा कॅमेऱ्यांवरच्या लग्नांचा आहे, त्याने माझ्या शिफारशीकडे दुर्लक्ष करून १२४०० घ्यावा. ज्याच्याकडे हे काम अधूनमधून येते, त्याला हलक्या प्रतिकृती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून संपादन करता येते. आम्ही तसेच करतो. त्यात जागा आणि थोडा वेळ खर्च होतो, पण अडत काही नाही. एव्ही१ या नव्या स्वरूपाचीही खास सोय ५६००जीमध्ये नाही, त्यामुळे तसे चित्रीकरण पाहतानाही कोरांनाच राबावे लागते. सहा कोरांना ते झेपते, तरी जाणत्याने हे ठाऊक असू द्यावे.

आता विजेकडे वळतो, कारण निवडीचे खरे कारण तिथे आहे. ६५ वॉट हा आकडा पाहून हा प्रोसेसर तेवढीच वीज घेतो असे समजू नये. भर कामात तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. १२४०० ची तशीच कमाल मर्यादा ११७ वॉट आहे, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड जोडले की त्यावर आणखी शे-दीडशे वॉटची भर सहज पडते. ५६००जीचे यंत्र मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस या वीज पुरवणाऱ्या डब्यातली घट आणि मॉनिटर हे सगळे धरून भर कामातही दीडशे वॉटच्या आसपास राहते, आणि टंकलेखन किंवा मांडणी चालू असताना त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज घेते. आता ६०० व्हीएच्या नेहमीच्या यूपीएसचा हिशेब करू. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. दीडशे वॉटच्या भाराला ती कागदावर अर्ध्या तासाहून किंचित अधिक पुरायला हवी. पण शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता संथ उपशाला मोजलेली असते, जोराने उपसा केला की ती घटते, आणि यूपीएसमध्येही काही ऊर्जा वाया जाते. त्यामुळे निम्म्या वेळावर भागवावे लागते. तरीही तेवढ्यात चालू फाइल जतन करणे, छपाईला गेलेले पान पूर्ण होऊ देणे आणि यंत्र रीतसर बंद करणे एवढे नक्की होते. त्याच यूपीएसवर ग्राफिक्स कार्डाचे अडीचशे-तीनशे वॉटचे यंत्र टाकले, तर हाती उरतात ती थोडकी मिनिटे, आणि बॅटरी जुनी असेल तर तीही नाहीत.

जून २०२० मधले निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोलीच्या पट्ट्यात अनुभवले, त्यांना वीज नसलेले दिवस कसे मोजावे लागतात हे सांगण्याची गरज नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले तेव्हा सिंधुदुर्गातही खांब आडवे झाले. अशा काळात कार्यालय इन्व्हर्टरवर किंवा भाड्याच्या जनरेटरवर चालते आणि प्रत्येक वॉट मोजावा लागतो. या प्रोसेसरची एक कमी बोलली जाणारी सोय तेव्हा उपयोगी पडते : बायोसमध्ये जाऊन त्याची मर्यादा ६५ वरून ४५ वॉटवर आणता येते आणि मग भर कामातली कमाल वीज ८८ ऐवजी ६१ वॉटवर थांबते. एका कोरवर चालणाऱ्या कामांना याची जवळजवळ झळ लागत नाही, कारण एक कोर पूर्ण वेगाने चालवायला मुळात तेवढी वीज लागतच नाही. सहाही कोर राबतात तेव्हा वेग थोडा उतरतो, पण वाचलेल्या विजेच्या मानाने ती घट अगदी परवडते. आम्ही पावसाळ्याचे महिने यंत्र याच मर्यादेवर ठेवतो. खरे सांगायचे तर बारमाही तसे ठेवले तरी डीटीपी करणाऱ्याला फरक कळणार नाही.

विजेचा प्रश्न आणि हवेचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि आमच्याकडे पावसाळाभर आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून अधिकच असते. कॅबिनेटमध्ये पंख्याने ओढून आणलेले हे कण धुळीसोबत मदरबोर्डावर, रॅमच्या खाचांत, एसएमपीएसच्या आत बसतात आणि ओले झाले की तिथे विजेला नको ती वाट मिळते, धातू गंजू लागतो. प्रोसेसर जितका तापतो तितकी हवा अधिक ओढावी लागते आणि तितके मीठ आत येते. कमी तापणाऱ्या प्रोसेसरचा पंखा संथ चालतो, ग्राफिक्स कार्डच नसल्याने त्याचे दोन-तीन पंखे आणि त्याची खाचही वाचते. मालवण, वेंगुर्ले, देवगड अशा थेट किनाऱ्यावरच्या गावांत हा फरक कुडाळ-कणकवलीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

पेटीसोबत रेथ स्टेल्थ हा हीटसिंक मिळतो, त्याबद्दल मात्र माझे मत सावध आहे. तो पूर्ण ॲल्युमिनियमचा, बुटका आणि साधा आहे. या प्रोसेसरला तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, लांबलचक रेंडरच्या, म्हणजे तयार चित्रफीत बाहेर काढण्याच्या, वेळी हा हीटसिंक त्या मर्यादेच्या दिशेने सरकतो व पंख्याचा आवाज वाढतो. दुकानातल्या साध्या कामाला तो पुरेसा आहे. चित्रीकरणाचे काम असेल, तर तांब्याच्या नळ्या असलेला मध्यम किमतीचा उभा हीटसिंक वेगळा घ्यावा किंवा ४५ वॉटची मर्यादा लावावी. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पावसाळ्यानंतर पांढरट भुकटी धरलेली दिसते. ती मऊ ब्रशने आणि ब्लोअरने दसरा-दिवाळीच्या आधी काढून टाकली की पुढचे वर्ष नीट जाते. पावसाळ्यात यंत्र दिवसेंदिवस बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू केले की आतल्या उबेने ओल टिकत नाही. एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल किंवा मुंग्यांनी केलेले वारूळ प्रोसेसरचा वेग पाहत नाही, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या झाकलेल्या असाव्यात.

हीटसिंक काढताना ५६००जीसारख्या एएम४ सॉकेटच्या, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्या नावाच्या खाचेत बसणाऱ्या, प्रोसेसरची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण त्याच्या पिना मदरबोर्डावर नसून प्रोसेसरच्या पोटाला असतात. थर्मल पेस्ट सुकून घट्ट झाली की सरळ वर ओढलेल्या हीटसिंकला प्रोसेसर चिकटून खाचेतून उपटून येतो आणि पिना वाकतात. यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट उबदार करावी, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. पिन तुटली की वॉरंटीही हातची जाते, म्हणून साफसफाईला येणाऱ्या मुलाला हे आधी सांगून ठेवावे.

किमतीचा विचार पर्यायांशिवाय करता येत नाही. ५६००जी बाजारात आला तेव्हा त्याची किंमत २५९ डॉलर होती. त्याचाच भाऊ ५६००जीटी ३१ जानेवारी २०२४ रोजी १४० डॉलरला आला. त्याचा कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ आहे, मूळ वेग ३.६ आहे, बाकी कोर, कॅश आणि ग्राफिक्स तेच आहे. दोघांच्या भावात फारसा फरक नसेल तर मिळेल तो घ्यावा. नाव जवळचे असल्यामुळे घोटाळा होतो तो ५६०० आणि ५५०० यांच्या बाबतीत. या दोहोंमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय मॉनिटरवर चित्रच येणार नाही. इंटेलमध्ये १२४००एफ हाही तसाच. ५६०० मध्ये कॅश दुप्पट, ३२ एमबी आहे आणि तो पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड व एसएसडी जोडण्याच्या मार्गाची चौथी पिढी देतो, तर ५६००जी तिसऱ्या पिढीवर थांबतो. खेळांसाठी दणकट कार्ड घेणाऱ्याला म्हणून ५६०० च योग्य. ५६००जीवर व्हॅलोरंटसारखे हलके खेळ नीट चालतात, त्यापलीकडची अपेक्षा ठेवू नये. तिसऱ्या पिढीमुळे एसएसडीचा वेगही सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास अडतो, पण दुकानाच्या कामात त्याची उणीव भासत नाही.

रायझन ५ ८६००जी हा याचा खरा वारस आहे : झेन ४ रचना, ५.० गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग, कितीतरी सरस रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स, एव्ही१ ची सोय, आणि घोषित मर्यादा तीच ६५ वॉट. त्याला एएम५ या नव्या सॉकेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते आणि एकूण खर्च तिथे चढतो. पण या सॉकेटला २०२७ पर्यंत व त्यापुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. एएम४ चा मार्ग मात्र आता संपत आला आहे आणि २०२३ पासून व्हेगा ग्राफिक्सचे ड्रायव्हरही मुख्य प्रवाहातून वेगळे काढले गेले आहेत. म्हणून सगळेच नव्याने घ्यायचे असेल, कर्जाचा हप्ता परवडत असेल आणि यंत्र सहा-सात वर्षे वापरायचे असेल, तर ८६००जीकडे जावे असे मी स्पष्ट सांगेन.

५६००जीचे खरे मोल दिसते ते जुन्या यंत्रात. २०१८ च्या सुमारास कोकणात रायझन ३ २२००जी घालून असेंबल केलेली पुष्कळ यंत्रे आली. त्यात चार कोर आणि चारच थ्रेड आहेत, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर बसत नाही. पण त्याचा बी४५० किंवा ए३२० मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट धडधाकट असेल, तर तेच सारे ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येतो. ए३२० सारख्या जुन्या बोर्डांसाठी हा मार्ग २०२२ मध्ये अधिकृतपणे खुला झाला. आपल्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचे नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर ५६००जी यादीत आहे का, आणि कोणत्या बायोसपासून, हे आधी पाहावे. बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करावे लागते, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर चित्रही दाखवणार नाही. आणि हे काम यूपीएसची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, आभाळ स्वच्छ असलेल्या दिवशीच करावे. मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होतो आणि मग वाचवलेले सगळे पैसे त्यातच जातात.

खरेदी करताना बंद पेटीतलाच प्रोसेसर घ्यावा. बाजारात ट्रे पीस म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची किरकोळ वॉरंटी नसते, विक्रेता देईल तेवढीच हमी असते, आणि तो विक्रेता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बसलेला असेल तर वेंगुर्ल्याहून ती हमी वसूल करणे किती कठीण जाईल याचा विचार दर विचारतानाच करावा. बिलावर पेटीवरचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि पेटी टाकून देऊ नये.